मंगळवारच्या दोन बाटल्या

माझ्या नवऱ्याचं म्हणणं असं की, मी आरशात बघतानासुद्धा समोरच्या बाईला आधी ओळखपत्र मागते. त्यात तथ्य आहे. पण बावीस वर्षं पोस्टाच्या पार्सल-खिडकीत बसून बघा, म्हणजे कळेल. 'जुने कपडे' लिहून लोक घड्याळं पाठवतात, 'पुस्तकं' लिहून काचेच्या बरण्या पाठवतात, आणि एका सभ्य दिसणाऱ्या गृहस्थाने 'खेळणी' असं लिहून जिवंत कासव पाठवायला आणलं होतं. पेटी आपोआप सरकली म्हणून सापडलं. तेव्हापासून खिडकीवर येणारा माणूस काहीतरी लपवतोय, असं धरूनच मी 'बोला' म्हणते.

हवावाले काका पहिल्यांदा आले तेव्हा मला नोकरी लागून जेमतेम तीन महिने झाले होते. पंचेचाळिशीचे, अंगाने किरकोळ, सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. त्यांनी फळीवर एक लाकडी पेटी ठेवली, झोपलेलं मूल खाली ठेवतात तशी. पत्ता परदेशातल्या कुठल्याशा प्रयोगशाळेचा होता.

"आत काय आहे?" मी विचारलं.

"बाटल्या. दोन."

"बाटल्यांत काय?"

"हवा."

"म्हणजे रिकाम्या."

"रिकाम्या कशा? हवा भरलीय. आज सकाळीच."

मी पेटीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. चेहऱ्यावर हसू नव्हतं. "किंमत किती लिहू?"

"किंमत काही नाही."

"तसं चालत नाही. किंमत नसलेली वस्तू परदेशी कोण मागवेल?"

"मग हवेचा भाव तुम्हीच सांगा, बाई. तुमच्याकडे तक्ता असेल."

रांगेतले लोक हसले आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी आत जाऊन साहेबांना बोलावून आणलं. साहेबांनी पेटी उघडायला लावली. भुशात दोन काचेच्या बाटल्या होत्या, प्रत्येकीला दोन्ही टोकांना तोटी. खरोखरच आत काही नव्हतं, म्हणजे दिसत तरी नव्हतं. काकांनी खिशातून हवामान खात्याचं पत्र काढलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं, मान डोलावली आणि मला म्हणाले, "घ्या." समजावून काही सांगितलं नाही. त्यांनाही समजलं नसणार.

समजावलं काकांनीच, तेही चार-पाच मंगळवार गेल्यावर, खिडकीवर दुसरं कोणी नसताना. गावाबाहेर समुद्राकडे तोंड करून उभी असलेली टेकडी आहे, तिच्यावर हवामान खात्याची एक खोली आहे. तिथे दर मंगळवारी सकाळी ते दोन बाटल्या हवा भरत. अशा बाटल्या जगभरातल्या सत्तर-एक ठिकाणांहून त्या प्रयोगशाळेत जातात. तिथे हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतात, आणि त्याच्यासारखे पृथ्वी तापवणारे बाकीचे वायूही.

"देशोदेशीचे लोक एकत्र बसून सह्या करतात ना, की आम्ही एवढा धूर कमी करू," काका म्हणाले. "मग दरवर्षी प्रत्येक देश आपला आकडा आपणच लिहून देतो. आम्ही इतका कमी केला म्हणून."

"आपला पेपर आपणच तपासायचा?"

"हो."

"मग काय, सगळे पहिल्या नंबरात."

"म्हणून तर बाटल्या," ते म्हणाले. "कागदावर काहीही लिहिता येतं."

खरं सांगते, हा माणूस मला त्या दिवशी पटला. सगळ्या जगावर संशय घेणारं एक खातं आहे आणि त्याची एक शाखा आमच्या टेकडीवर आहे, हे ऐकून मला बरं वाटलं. पण पटला म्हणून विश्वास बसला असं नाही. टेकडीवरची हवा म्हणून हा घरामागची हवा कशावरून भरत नसेल? कोण बघायला जातंय?

तेही काही कमी नव्हते. पेटीला दोरी बांधत ती स्वतःच्या गाठीने, आणि मी ती पिशवीत घालेपर्यंत खिडकीसमोरून हलत नसत. पिशवीला शिक्का बसला की मगच वळत. एकदा मी म्हटलं, "काका, खाणार नाही मी तुमची हवा." ते म्हणाले, "तुमचा काय भरवसा, पोस्टबाई. वास तरी घ्याल."

गावात त्यांच्याबद्दल नाना तर्क होते. कुणी म्हणे हेर आहेत, कुणी म्हणे परदेशातले श्रीमंत लोक आजारपणात ही हवा हुंगतात. त्यांची बायको शाळेत गणित शिकवायची. तिला कुणी विचारलं तर ती म्हणायची, "आमचे हे हवेवर जगतात, मी पगारावर." मुलगी एकच, नर्स, लग्न होऊन दूरच्या शहरात गेलेली. चार वर्षांपूर्वी बायको गेली, त्यानंतर मुलगी दर महिन्याला फोनवर म्हणे की बाबा, बस झालं, इकडे या. काका म्हणत, येतो, मंगळवार झाला की येतो. निवृत्तीनंतरही खात्याने त्यांना मानधनावर ठेवलं होतं, कारण दोनशे दहा पायऱ्या चढून हवा भरायला दुसरं कोणी तयार नव्हतं.

आता एक गोष्ट सांगायची राहिलीय, ती सांगून टाकते. अकरा वर्षांपूर्वी वरून परिपत्रक आलं होतं की परदेशी जाणाऱ्या पार्सलांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. त्याच आठवड्यात काका पेटी देऊन कधी नव्हे ते घाईत निघून गेले. शिक्क्याचीही वाट बघितली नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी खिडकी बंद केली, त्यांची गाठ सोडली आणि एका बाटलीच्या तोट्या उघडून नाक लावलं. बारीकसा सूं आवाज आला. वास कसलाच नव्हता. मी दोन-तीनदा हुंगून बघितलं, तोट्या फिरवल्या, पेटी बांधून टाकली. पाठवणारा समोर नसेल तर पार्सल उघडायचं नाही, असा नियम आहे, आणि तो मीच नव्या लोकांना शिकवते. त्यामुळे हे मी कुणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालाही. नंतर कळलं की त्या दिवशी त्यांच्या बायकोला दवाखान्यात नेलं होतं, म्हणून ते घाईत होते.

यंदाच्या थंडीत काका शुक्रवारी आले. पेटीशिवाय. त्यांनी फळीवर एक पत्र आपटलं.

"वाचा. तुम्हाला ही भाषा माझ्यापेक्षा बरी येते."

प्रयोगशाळेचं पत्र होतं. भाषा गोड होती, मजकूर कडू होता. एकाच वेळी भरलेल्या दोन बाटल्यांचे आकडे सारखे यायला हवेत. गेले सात महिने या केंद्राच्या दोन बाटल्यांचे आकडे जुळत नाहीत, एकीत कार्बन जास्त निघतो. कारण सापडलं नाही तर वर्षाअखेर केंद्र यादीतून वगळावं लागेल, असं त्यात होतं.

"म्हणजे बंद," काका म्हणाले. "बावीस वर्षांचं काम. या बाजूच्या समुद्रावर दुसरी बाटलीच नाही, पोस्टबाई. आपली गेली की इकडून येणारी हवा कुणी बघणार नाही. मग ज्याला जे लिहायचं ते लिहील." मग माझ्याकडे रोखून बघत त्यांनी विचारलं, "माझी पेटी कोण उघडतं?"

माझे कान तापले. "कोणी उघडत नाही."

"एकाच बाटलीत कसा फरक पडतो? मी दोन्ही एकाच जागी भरतो. इथे कुणीतरी तोटी फिरवतं."

"तुमचे गुडघे बघा आणि मग आमच्यावर आळ घ्या," मी म्हटलं. "एक बाटली वर भरत असाल आणि दुसरी पायथ्याशी, दम लागला म्हणून. मला काय माहीत?"

मी हे बोलायला नको होतं. पत्र परत घेत ते म्हणाले, "मी वर तक्रार करणार आहे. तुमच्या नावाने."

तक्रार झाली असती तर चौकशी झाली असती, आणि चौकशीत मला खोटं बोलता आलं असतं की नाही, कोण जाणे. पाचावर धारण बसली होती, पण तोंड माझं ऐकत नाही. मी म्हटलं, "करा. पण त्याआधी मी मंगळवारी तुमच्याबरोबर येणार. तुम्ही काय भरता ते मला बघायचंय."

"या," ते म्हणाले. "बघाच."

मंगळवारी मी रजा टाकली. थंडी अशी की बोटं वळत नव्हती. काका पुढे आणि मी मागे. शंभराव्या पायरीला ते थांबले, दीडशेला पुन्हा थांबले, पण पेटी माझ्या हातात दिली नाही. वर एक पांढरी खोली, कठडा, आणि समोर नुसतं पाणी. त्यांनी बोट थुंकीने ओलं करून वारा बघितला आणि मला पाठीमागे दहा पावलांवर उभं केलं.

"पुढे यायचं नाही. बोलायचं नाही."

"बोलल्याने काय होतं?"

"माणसाच्या श्वासात हवेच्या शंभरपट कार्बन असतो. एक उसासा टाकला तरी बाटली गेली."

मग मी बघत राहिले. वारा अंगावर घेऊन ते उभे राहिले. बॅटरीवर चालणारा छोटा पंप, त्याला बाटली जोडलेली. पंप एका रबरी नळीने हवा ओढतो, ती बाटलीतून वाहत दुसऱ्या तोंडाने बाहेर पडते. पाच मिनिटं तसं चालू दिलं, ते लांब उभे होते. मग खोल श्वास घेऊन तो रोखला, जवळ गेले, नळी हातात उंच धरली आणि डाव्या हाताची बोटं दुमडत आकडे मोजले. वीस झाल्यावर दोन्ही तोट्या बंद केल्या, मागे सरकले आणि मग श्वास सोडला. मला वाटलं होतं काहीतरी लबाडी सापडेल. इतकं काटेकोर काम मी आमच्या ऑफिसात कधी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या बाटलीलाही तसंच. पाच मिनिटं, खोल श्वास, नळी वर. मी सवयीने माझ्या मनात आकडे मोजत होते. बारा, तेरा. त्यांचे खांदे वर सरकले. सोळाव्या आकड्याला वारा जरा पडला आणि त्यांच्या तोंडातून पांढरी वाफ निघाली. थोडीशीच. ती सरळ वर नळीपर्यंत गेली आणि दिसेनाशी झाली. काका मोजतच होते. सतरा, अठरा, एकोणीस, वीस. तोट्या बंद. ते मागे सरकले आणि आत्ताच श्वास सोडतोय अशा थाटात मोठ्याने फू केलं.

"झालं समाधान?" ते म्हणाले. "आता कळलं ना, चूक कुठे होते ती?"

"हो," मी म्हटलं. "तुम्ही श्वास सोडलात. सोळाला."

"काहीतरीच."

"वाफ बघितली मी."

"तुम्हाला तुमचं पोस्ट वाचवायचंय."

"वाचवायचंच आहे. पण वाफही बघितली. पुन्हा करा, बाटलीशिवाय. तोंडापुढे चष्मा धरा."

त्यांनी रागारागाने चष्मा काढला, श्वास रोखला, बोटं दुमडायला लागले. पंधराला काच धुरकट झाली. ते वीसपर्यंत मोजत गेले आणि मग चष्म्याकडे बघत राहिले. त्यांना खरोखरच कळलं नव्हतं. बावीस वर्षं एकच गोष्ट करत आलेल्या माणसाचं शरीर त्याला न विचारता दुसरंच काही करत होतं. मला फार वाईट वाटलं.

"पण वीस कशाला?" मी विचारलं. "एवढं लागतं?"

"पुस्तकात दहाच आहेत," ते खाली बघत म्हणाले. "मीही दहाच मोजायचो. अकरा वर्षांपूर्वी एक बाटली बाद झाली. पहिलीच. श्वास मिसळलाय, असं कळवलं त्यांनी. त्या दिवशी बायकोला ताप होता, माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. म्हटलं, मीच कुठेतरी चुकलो. तेव्हापासून दुप्पट केले. पुन्हा नको म्हणून."

वारा होता, समुद्र होता आणि पळून जायला दोनशे दहा पायऱ्या होत्या.

"ती बाटली मी उघडली होती," मी म्हटलं.

मी सगळं सांगितलं. परिपत्रक, जेवणाची सुट्टी, नाक लावलं ते. ते कठड्याला टेकले. रागावतील, ओरडतील, म्हणून मी अंग चोरून उभी होते.

"म्हणजे ती चूक माझी नव्हती," अखेर ते म्हणाले. मग खोलीत गेले, जादा बाटल्यांची जोडी घेऊन आले आणि माझ्यासमोर धरली. "घ्या. दहा आकडे. तोंड बंद ठेवायचं आहे, जमेल असं वाटत नाही, पण बघू."

मी भरल्या. दहापर्यंत श्वास धरला. त्याच दिवशी त्यांची जोडी आणि माझी जोडी वेगळ्या खुणा करून पाठवली. पिशवीला शिक्का बसेपर्यंत काका खिडकीसमोरच उभे होते.

उत्तर यायला सहा आठवडे लागले. पाकीट मला सकाळी टपाल वेगळं करतानाच दिसलं. पोस्टमनला देण्याऐवजी मी ते घेऊन सुट्टी झाल्यावर त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या. स्वयंपाकघरात एक टेबल, एक खुर्ची, आणि भिंतीलगत बाटल्यांबरोबर पाठवायच्या अर्जांच्या प्रती, वर्षावर्षाच्या, दोरीने बांधून रचलेल्या. त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः स्टुलावर बसले. "वाचा," म्हणाले.

मी वाचलं. त्यांची जोडी जुळली नव्हती. माझी जोडी अगदी काट्यावर जुळली होती. कारण सापडल्याबद्दल प्रयोगशाळेला आनंद होता. केंद्र चालू राहील, त्या सात महिन्यांचे आकडे वगळले आहेत, आधीच्या सगळ्या जोड्या जुळत असल्याने त्या तशाच ठेवू, नव्या निरीक्षकाचं नाव कळवा. शेवटी काकांचे आभार होते, चार ओळींचे.

"वाचलं केंद्र!" मी म्हटलं.

"हो," काका म्हणाले. ते अर्जांच्या गठ्ठ्यांकडे बघत होते. "एक पत्र लिहायचंय. तुम्ही लिहा, मी सांगतो."

मला वाटलं नाव कळवायचंय. मी पेन काढलं.

"लिहा, सात महिने पुरे नाहीत. चार वर्षांचे आकडे काढून टाका."

मी पेन खाली ठेवलं. "का? जुळलेत ना ते?"

"दोन्ही बाटल्यांत सारखाच श्वास गेला असेल तर जुळणारच. आता दुसरीत जास्त जातो, म्हणून फरक कळला. बायको गेली त्या थंडीत मला न्यूमोनिया झाला. तेव्हापासून मी पायऱ्यांवर थांबायला लागलो. तेव्हापासून दोन्ही वेळेला सोडत नसेन कशावरून? मला तर कळतच नाही मी कधी सोडतो ते."

"काका, त्यांना शंका नाही. त्यांनी विचारलेलंही नाही. दोनशे मंगळवार आहेत ते! तुमचे!"

"त्यांना नाही. मला आहे."

संशयाच्या बाबतीत मला हरवणारा माणूस मी तोपर्यंत बघितला नव्हता. पण मी आयुष्यभर संशय घेतला तो खिडकीच्या पलीकडच्या माणसावर. सह्या करणारे ते मोठे लोकही तेच करत असणार, समोरच्याचा आकडा भिंगातून बघायचा आणि आपला हाताने झाकायचा. मला रडू येत होतं आणि त्यांचा रागही येत होता. "कुणाचं काय बिघडलंय त्या आकड्यांनी?" मी विचारलं.

"समुद्रापलीकडे कुठलातरी देश असेल," काका म्हणाले. "त्यांनी खरोखरच धूर कमी केला असेल. कारखान्यांना शिस्त लावली असेल, लोकांना त्रास झाला असेल. आणि माझी बाटली म्हणतेय की हवा तेवढीच घाण आहे, हे लोक खोटारडे आहेत. चार वर्षं." ते थांबले. छातीतून बारीक शिट्टी येत होती. "घ्या पेन."

मी पेन घेतलं.

"लिहा, चार वर्षं इथल्या हवेत जे जास्त दिसलं, ते कुठल्याही देशाचं नव्हतं. ते माझं होतं."

मी तसंच लिहिलं. त्यांनी ते एकेका शब्दाचा अर्थ विचारत दोनदा वाचून घेतलं, आणि मग सही केली.